पाण्याचा गिअर बनवणारा माणूस : हेर्मान फ्योटिंगर

मित्रांनो, सुरुवात मामाच्या गाडीपासून करतो.

दिवाळीच्या सुट्टीत लातूरला मामाकडे गेलो होतो. मामाने नुकतीच एक सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. डावा गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही, म्हणून साठीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदाच बिनक्लचची गाडी. घरात सगळे खूश. पण दोन महिन्यांत गाडीने आपले रंग दाखवले! गंजगोलाईच्या गर्दीतून बाहेर पडताना, ताशी पंचवीस-तीसच्या वेगाला हलकासा ॲक्सिलरेटर दिला की गाडी थरथरायची, लहान-लहान झटके द्यायची. जणू चाकाखाली बारीक गतिरोधकांची रांगच लागली आहे. मामी म्हणायची, यापेक्षा आमची बैलगाडी बरी होती. बरं, हायवेला लागून सत्तर-ऐंशीला गेली की तीच गाडी लोण्यासारखी चालायची.

एका गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं की गिअरबॉक्स गेला, अख्खा बदलावा लागेल. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मामाचा चेहरा उतरला. त्या वर्षीच्या सोयाबीनचे सगळे पैसे त्यात गेले असते आणि वर थोडं कर्ज. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाचा मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे ना! भाच्याला मात्र गाडीचं बॉनेट कुठून उघडतं ते शोधायलाच दोन मिनिटं लागली. खरं सांगतो, त्या दिवशी थिअरी ऑफ मशीन्समध्ये मिळालेल्या मार्कांची लाज वाटली.

नांदेडला परत आल्यावर आमच्या सरांना गाठलं. सरांनी उत्तर दिलंच नाही, उलट तीन प्रश्न विचारले. झटका कोणत्या गिअरमध्ये येतो? इंजिन गार असताना येतो की गरम झाल्यावर? झटक्याच्या वेळी आरपीएमचा काटा काय करतो? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. सर हसले आणि म्हणाले की आधी लायब्ररीत जा, फ्योटिंगर कोण होता ते वाचून ये, मग बोलू.

हा लेख त्या माणसाचा आहे. मामाच्या गाडीचं काय झालं ते शेवटी सांगतो. (थेट शेवटचं पान उघडणाऱ्यांनी कृपया तसं करू नये!)

न्यूरेंबर्गचा मुलगा, स्टेटिनचा इंजिनिअर

हेर्मान फ्योटिंगर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ रोजी जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात झाला. १८९५ ते १८९९ या काळात ते म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात शिकले. गंमत म्हणजे त्यांचा विषय मेकॅनिकल नव्हता, इलेक्ट्रिकल होता. त्या काळी वीज हे नवं क्षेत्र होतं आणि हुशार मुलं तिकडे धावत होती, आज जशी सगळी कॉम्प्युटरकडे धावतात तशी.

पण नोकरी लागली ती जहाजांच्या कारखान्यात. १८९९ मध्ये ते स्टेटिन इथल्या व्हल्कन गोदीत रुजू झाले. स्टेटिन तेव्हा जर्मनीत होतं, आज ते पोलंडमध्ये आहे. व्हल्कन ही साधीसुधी कंपनी नव्हती. अटलांटिक महासागर सगळ्यात वेगाने ओलांडणारी जहाजं तिथे बनत. १९०० साली तिथूनच बाहेर पडलेल्या डॉइशलांड नावाच्या जहाजाने वेगाचा विक्रम केला. पण त्या जहाजाला एक खोड होती. पूर्ण वेगात ते इतकं थरथरायचं की प्रवासी हैराण होत. वेगाचा मान मिळाला, पण पैसे मोजून बसलेला माणूस सुखाने बसू शकेना. शेवटी १९११ च्या सुमारास त्याच्या इंजिनांची ताकद कमी करून त्याला सावकाश फिरणारं सहलीचं जहाज बनवावं लागलं.

म्हणजे बघा, आपल्या नायकाची नोकरी सुरू झाली तीच अशा गोदीत जिथे ताकद भरपूर होती आणि थरथर हा रोजचा प्रश्न होता. मामाच्या गाडीशी नातं इथूनच जुळायला लागतं.

शाफ्ट किती पिळला?

सेकंड इयरला आपण सगळे एक सूत्र घोकतो. टॉर्क भागिले पोलर मोमेंट बरोबर मॉड्युलस गुणिले पीळ भागिले लांबी. घोकतो, पेपरात लिहितो, विसरतो. फ्योटिंगर यांनी तेच सूत्र उचललं आणि समुद्रावर नेलं.

प्रश्न असा होता. जहाजाचं इंजिन पंख्यापर्यंत खरोखर किती ताकद पोचवतं? जुन्या वाफेच्या इंजिनांत सिलिंडरमधला दाब कागदावर उतरवून अंदाज बांधता येत असे. पण तो सिलिंडरमधला हिशेब. घर्षणात किती गेलं, पंख्यापर्यंत किती पोचलं हे त्यातून कळत नसे. त्यात नवीन आलेल्या टर्बाइनला सिलिंडरच नाही, मग दाब कुठे मोजणार?

फ्योटिंगर यांचं म्हणणं साधं होतं. शाफ्टलाच विचारा! शाफ्टमधून टॉर्क जातो तेव्हा तो थोडासा पिळला जातो. पीळ इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही. म्हणून त्यांनी शाफ्टवर एक लांब नळी बसवली, तिचं एक टोक शाफ्टला घट्ट आणि दुसरं मोकळं. शाफ्ट पिळला की मोकळ्या टोकाजवळ दोन तबकड्यांमध्ये किंचित फरक पडतो. तो फरक तरफांनी मोठा करून फिरत्या कागदावर रेघ म्हणून उतरवायचा. त्या रेघेत नुसती सरासरी ताकद नव्हती. एका फेऱ्यात टॉर्क कुठे वाढतो, कुठे कमी होतो, शाफ्ट कधी थरथरतो हे सगळं त्यात उमटत होतं. याच विषयावर त्यांनी १९०४ मध्ये म्युनिकहून डॉक्टरेट मिळवली.

हे वाचलं तेव्हा सरांच्या तीन प्रश्नांचा अर्थ मला कळला. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हा फ्योटिंगर यांचा पहिला धडा. गॅरेजवाला न मोजता बोलला होता, आणि मी तर न मोजता गप्प बसलो होतो. दोघेही सारखेच!

टर्बाइन आणि पंखा यांचं भांडण

आता मुख्य गोष्ट. १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये युद्धनौकांचं संचलन चालू असताना चार्ल्स पार्सन्स यांची टर्बिनिया ही छोटी नौका सगळ्यांच्या मधून सुसाट पळाली. तिचा वेग चौतीस नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी साठ किलोमीटरहून जास्त. तिला पकडायला कुणीच नव्हतं. त्या दिवसापासून जहाजांच्या दुनियेत टर्बाइनचं राज्य सुरू झालं.

पण टर्बाइनचा स्वभाव आणि पंख्याचा स्वभाव यांचं जमत नाही. टर्बाइनला जोरात फिरायला आवडतं, तेव्हाच ते वाफेचं चीज करतं. पाण्यातल्या पंख्याला सावकाश फिरायला आवडतं, जोरात फिरवलं तर पात्यांभोवती पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि ताकद वाया जाते. दोघांना एकाच शाफ्टवर बांधलं की दोघेही नाराज. शिवाय टर्बाइन उलटं फिरत नाही, त्यामुळे जहाज मागे घ्यायला वेगळं टर्बाइन बसवावं लागे.

मधे गिअर का टाकला नाही? कारण हजारो हॉर्सपॉवर पेलतील इतके अचूक दाते कापण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं. मग व्हल्कनने हे भांडण सोडवायचं काम फ्योटिंगर यांच्याकडे सोपवलं.

मूळचे इलेक्ट्रिकलवाले असल्यामुळे त्यांनी आधी विजेचा विचार केला. टर्बाइनवर जनरेटर, पंख्यावर मोटर. हिशेब केला, पण यंत्रांचं वजन आणि किंमत दोन्ही आवाक्याबाहेर गेली. मग ते पाण्याकडे वळले. टर्बाइनने एक पंप फिरवायचा, पंपाचं पाणी पाइपने न्यायचं, त्या पाण्यावर एक पाणचक्की फिरवायची आणि चक्कीला पंखा जोडायचा. पंप लहान आणि वेगवान, चक्की मोठी आणि सावकाश. झाला गिअर!

पण हिशेब केल्यावर इथेही निराशाच. पाणी पंपातून बाहेर पडताना ताकद गमावतं, पाइपात घासून गमावतं, वळणावर गमावतं, चक्कीत शिरताना पुन्हा गमावतं. पाणी लांबून आणायचं म्हणजे काय हे लातूरकरांना सांगायची गरज नाही, २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आणि आपण नांदेडकर रोज विष्णुपुरीला बघतो, गोदावरीचं पाणी उपसून वर चढवायचं तर पंपांना केवढी वीज लागते!

मधला पाइपच काढून टाकला

इथे फ्योटिंगर यांच्या डोक्यात जे आलं ते वाचून मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसता बसलो. त्यांनी पाइप सुधारला नाही. पाइपच काढून टाकला.

कल्पना करा, विष्णुपुरीचा पंप आणि त्याच्या पाण्यावर फिरणारी चक्की यांच्यामध्ये कालवा नाही, नळ नाही, टाकी नाही. पंपाच्या पात्यांना चिकटून चक्कीची पाती, दोन्ही एकाच गोल डब्यात समोरासमोर. पंपाच्या पात्यातून सुटलेलं पाणी तोच वेग घेऊन थेट चक्कीच्या पात्यावर आदळतं आणि फिरून परत पंपात येतं. मेदूवड्याच्या आकाराच्या त्या पोकळीत पाणी गोल गोल फिरत राहतं. दोन शाफ्ट एकमेकांना कुठेही शिवत नाहीत, तरी एक दुसऱ्याला फिरवतो.

समोरासमोर ठेवलेल्या दोन टेबलफॅनचं उदाहरण आपल्याला वर्गात देतात, एक चालू केला की दुसरा आपोआप फिरतो. ते बरोबर आहे, पण अर्धंच. नुसती दोन चाकं असतील तर जितका टॉर्क आत जातो तितकाच बाहेर येतो. फ्योटिंगर यांनी मधे तिसरं, न फिरणारं पात्यांचं चाक बसवलं. चक्कीतून परत येणाऱ्या पाण्याची दिशा ते चाक वळवतं. पाण्याचा धक्का त्या स्थिर चाकावर बसतो आणि त्याचा फायदा चक्कीला मिळतो. त्यामुळे वेग कमी होतो, पण टॉर्क वाढतो. हाच आपला टॉर्क कन्व्हर्टर. तिसरं चाक म्हणजे स्टेटर. आणि तिसरं चाक नसलेला साधा प्रकार म्हणजे फ्लुइड कपलिंग.

२४ जून १९०५ या तारखेपासून हे पेटंट त्यांच्या नावावर आहे. तेव्हा त्यांचं वय होतं अठ्ठावीस. आपल्यातले काहीजण अठ्ठावीसपर्यंत केटीच सोडवत असतील, असो!

जिंकलेला, तरी हरलेला शोध

१९०९ च्या सुमारास या यंत्राची चाचणी एका छोट्या नौकेवर झाली. यंत्र चाललं. जहाज पुढे जात होतं, आणि पाण्याच्या वेगळ्या चक्रामुळे मागेही येत होतं. पुढे १९१३ मध्ये क्योनिगिन लुइझं या प्रवासी जहाजावर ते बसवण्यात आलं. पण त्या जहाजाच्या नशिबात वेगळंच होतं. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं, त्याच्यावर समुद्री सुरुंग चढवले गेले आणि ५ ऑगस्टला ब्रिटिश नौकांनी ते बुडवलं. त्या युद्धात जर्मन आरमाराने गमावलेलं ते पहिलं जहाज. त्याने पेरलेल्या सुरुंगांनी दुसऱ्याच दिवशी ॲम्फियन ही ब्रिटिश युद्धनौका बुडाली.

पण शोधाचा खरा पराभव युद्धाने केला नाही, दात्यांनी केला. १९१० च्या आसपास पार्सन्स यांनी मोठ्या ताकदीचे अचूक गिअर जहाजावर चालवून दाखवले. असे गिअर शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग ताकद पुढे पाठवत. फ्योटिंगर यांचा कन्व्हर्टर फार तर नव्वदच्या आसपास पोचत असे. जहाजाच्या कोळशाच्या बिलात हा फरक मोठा. ज्या कामासाठी शोध लागला, तेच काम त्याच्या हातून गेलं.

मित्रांनो, आपल्या प्रोजेक्टला एक्स्टर्नलने दोन मार्क कमी दिले तरी आपण आठवडाभर रडतो. इथे ऐन उमेदीतली काही वर्षं ज्यात घातली ते यंत्रच मागे पडलं. फ्योटिंगर यांनी काय केलं? ते शिकवायला गेले. १९०९ मध्येच ते डान्त्सिगच्या तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक झाले होते (ते शहरही आज पोलंडमध्ये, ग्दान्स्क या नावाने). तिथे पंधरा वर्षं आणि १९२४ पासून बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ते प्रवाहशास्त्र आणि टर्बोयंत्रं शिकवत राहिले. पाणी पात्यांभोवती कसं वळतं, भोवरे कुठे जन्मतात, बुडबुडे का होतात, हे त्यांनी आयुष्यभर तपासलं.

लंडनच्या बसमधले झटके

दरम्यान त्यांच्या शोधाला दुसरीकडे पालवी फुटत होती. व्हल्कनमधलेच इंजिनिअर गुस्ताव बावर यांनी साधा, दोन चाकांचा प्रकार उचलला. जहाजांत आता डिझेल इंजिनं येत होती. डिझेलचा टॉर्क धक्क्याधक्क्याने येतो आणि ते धक्के गिअरचे दाते खातात. मधे द्रवाची जोड टाकली की धक्का द्रवातच विरून जातो. म्हणजे कन्व्हर्टर म्हणून जे नाकारलं गेलं, ते झटके गिळणारं यंत्र म्हणून परत आलं!

मग आले इंग्लंडचे हॅरॉल्ड सिंक्लेअर. १९२० च्या दशकात लंडनच्या बसमधून फिरताना थांबा सुटला की बसणारे हिसके त्यांना सतावत. आपल्या लालपरीत मागच्या बाकावर बसून लोह्यापर्यंत गेलेल्याला ते हिसके समजावून सांगायला नकोत. जहाजातली द्रवाची जोड बसमध्ये का चालणार नाही, असा विचार त्यांनी केला. त्यातून डेमलर कंपनीने १९३० मध्ये फ्लुइड फ्लायव्हील बाजारात आणलं. पाठोपाठ अमेरिकेत १९४० च्या मॉडेलच्या ओल्डस्मोबाइल गाडीत द्रवाची जोड आणि आपोआप बदलणारे चार गिअर एकत्र आले. १९४८ च्या ब्यूइकमध्ये पूर्ण टॉर्क कन्व्हर्टर आला. आज आपण ज्याला ऑटोमॅटिक म्हणतो तो हाच वंश.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे. भारतीय इंजिनिअर मनमोहन सुरी यांनी रेल्वेच्या डिझेल इंजिनासाठी सुरी ट्रान्समिशन तयार केलं. त्यात कमी वेगाला द्रव काम करतो आणि वेग वाढल्यावर यांत्रिक जोड. पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकने ते बनवलं आणि चित्तरंजनच्या शंटिंग इंजिनांत ते धावलं. हे नाव आपल्या सिलॅबसमध्ये का नाही, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

शेवटचा एप्रिल

फ्योटिंगर यांच्या आयुष्याचा शेवट वाचून वाईट वाटतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सोव्हिएत फौजा बर्लिनमध्ये शिरल्या. गल्लीगल्लीत लढाई सुरू झाली. २८ एप्रिल १९४५ रोजी तोफगोळ्याचा एक तुकडा लागून अडुसष्ट वर्षांच्या या प्राध्यापकाचा मृत्यू झाला. दोन दिवसांनी हिटलरने आत्महत्या केली, चार दिवसांनी बर्लिन पडलं. चारच दिवस!

आणखी एक गोष्ट. त्याच युद्धात जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकेच्या एम-५ रणगाड्यांत हायड्रामॅटिक गिअरबॉक्स होते, म्हणजे त्यांच्या आत फ्योटिंगर यांचीच द्रवाची जोड फिरत होती. शोधाला देश नसतो, हे खरं. पण शोधकाला घर असतं, शहर असतं, आणि त्यावर गोळे पडतात. बर्लिनच्या विद्यापीठात पुढे प्रवाहशास्त्राच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

मग मामाच्या गाडीचं काय झालं?

एवढं वाचून सरांकडे गेलो. सरांनी एक प्रश्न टाकला. फ्योटिंगरच्या यंत्रात दोन शाफ्ट एकमेकांना शिवतच नाहीत, द्रव सगळे धक्के गिळतो, तर मग मामाच्या गाडीत धक्का येतो कुठून?

मी विचार केला. आणि पहिल्यांदाच उत्तर स्वतःहून सुचलं. जिथे द्रव नाही तिथून!

द्रवाच्या जोडीत थोडी ताकद कायम घसरते, म्हणजेच पेट्रोल वाया जातं. १९७३ च्या तेलसंकटानंतर मायलेजला फार महत्त्व आलं आणि कन्व्हर्टरच्या आत लॉक-अप क्लच बसवणं सर्रास झालं. वेग आला की हा क्लच पंप आणि चक्की यांना घट्ट बांधतो, द्रवाला सुट्टी देतो. पूर्वी तो हायवेच्या वेगालाच लागायचा. आताच्या गाड्यांत मायलेजसाठी तो पंचवीस-तीसच्या वेगालाही अर्धवट, किंचित घसरत लागतो. ही किंचित घसर नीट व्हायला तेल बरोबर पाहिजे. तेल जुनं झालं, जळलं किंवा चुकीचं भरलं की क्लच धरतो-सोडतो, धरतो-सोडतो, आणि गाडी थरथरते. म्हणजे मायलेजसाठी आपण फ्योटिंगर यांना बाजूला बसवलं, आणि नेमका तिथेच झटका आला!

पण सर म्हणाले की हा अंदाज झाला, मोजमाप नाही. प्लग किंवा कॉइल कमजोर असेल तरी हलक्या लोडवर असेच झटके येतात. थ्रॉटल बॉडीत काजळी साचली असेल किंवा इंजिनाचे माउंट बसले असतील तरीही येतात. आणि गाडी ऑटोमॅटिक म्हणजे तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर असेलच असंही नाही. बऱ्याच लहान गाड्यांत नेहमीचाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच यंत्र दाबतं. काहींत दोन कोरडे क्लच असतात. तिथे गर्दीतल्या झटक्याचं कारण वेगळं. म्हणून आधी गाडीत काय आहे ते बघा, मग बोला.

पुढच्या रविवारी मामा गाडी घेऊन नांदेडला आला. लोह्याच्या रस्त्याला मोकळा पट्टा बघून सर गाडी चालवत होते, मी वही घेऊन शेजारी. गार असताना काही नाही. वीस मिनिटांनी इंजिन गरम झालं आणि थरथर सुरू. तिसरा-चौथा गिअर, हलका पाय. सरांनी उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक अगदी नावाला दाबला, नुसता मागचा दिवा लागेल इतका. थरथर तिथल्या तिथे बंद! ब्रेकचा सिग्नल मिळाला की कॉम्प्युटर लॉक-अप क्लच सोडून देतो. पाय काढला, दोन-तीन सेकंदांनी थरथर परत. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. स्कॅनर लावला, कोणत्याही सिलिंडरमध्ये मिसफायर नाही, पण झटक्याच्या वेळी क्लचच्या घसरणीचा आकडा सारखा वरखाली होत होता. (हा प्रयोग गर्दीत किंवा मागे गाडी असताना करू नये, आणि माहीतगार माणूस शेजारी असल्याशिवाय तर नकोच.)

तेल काढून बघितलं तर काळं, जळका वास. आधीच्या मालकाने कधीच बदललेलं नसावं. गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर टिकतं असा एक समज आहे, तो कुणाच्या आयुष्याचा ते मात्र कुणी सांगत नाही! कंपनीने सांगितलेल्या नेमक्या ग्रेडचं तेल भरलं, थोडे दिवस गाडी चालवून पुन्हा एकदा बदललं. थरथर आधी कमी झाली आणि मग गेली. खर्च आला तो गॅरेजवाल्याच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी. प्रत्येक वेळी असंच होईल असं नाही. क्लचचं अस्तरच जळालं असतं तर कन्व्हर्टर बदलावाच लागला असता. पण तेही मोजूनच ठरवलं असतं.

सोयाबीनचे पैसे वाचले. मामीने बैलगाडीचा विषय बंद केला. मामा आता गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी कुठल्याही रस्त्याला एका पायावर गाडी काढतो आणि येईल-जाईल त्याला सांगतो की आमच्या भाच्याने दुरुस्त केली. मी एकदा सांगायचा प्रयत्न केला की निदान सरांचं, आणि मूळ श्रेय न्यूरेंबर्गच्या एका माणसाचं. मामाने नाव दोनदा उच्चारून पाहिलं आणि नाद सोडला.

मित्रांनो, फ्योटिंगर यांनी आधी शाफ्टला प्रश्न विचारला आणि मग नवं यंत्र बनवलं. शोध त्याच्या मूळ जागी हरला तरी ते प्रवाहाचा अभ्यास करत राहिले, आणि तोच शोध त्यांनी कधी न पाहिलेल्या रस्त्यांवर पोचला, अगदी आपल्या नांदेड-लातूर रस्त्यावरसुद्धा. पुढच्या व्हायवाला टॉर्क कन्व्हर्टरची आकृती काढाल तेव्हा कोपऱ्यात बारीक अक्षरात त्यांचं नाव लिहा. एक्स्टर्नलने विचारलं तर सांगायला गोष्ट आहे आपल्याकडे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी